आईचा दुसरा बाप्तिस्मा

हे लिहिलेलं माझ्या भावाला आवडणार नाही आणि माझ्या चर्चच्या मंडळीतल्या पंचांनाही आवडणार नाही. दोघांची कारणं वेगळी आहेत. लिहिणार आहे, एवढं मी दोघांनाही आधीच सांगून ठेवलं आहे. विचारलं नाही, सांगितलं.

मी सावंगीला नर्स आहे. आमचं मूळ गाव वडनेरच्या पलीकडचं. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते. गावात ख्रिस्ती घरं पाच, आणि त्या पाच घरांचं एक कवेलूच्या छपराचं चर्च. पाळकसाहेब हिंगणघाटहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार बाबाच उपासना चालवायचे. पेटी तेच वाजवायचे, संदेशही तेच द्यायचे. नाताळात अख्खं गाव आमच्याकडे करंज्या खायला यायचं, आणि भाद्रपदात आम्ही शेजाऱ्यांकडे महालक्ष्मीच्या जेवणाला जायचो. आंबील, सोळा भाज्या, पुरण. त्यात कुणाचा देव मोठा आणि कुणाचा लहान, हा हिशेब आमच्या घरी कधी झालेला मला आठवत नाही.

बाबांचा विश्वास पक्का होता. पण "मले माहीत नाई" हे वाक्य त्यांच्या तोंडात फार सहज यायचं. पुलपिटावर उभं राहूनसुद्धा ते म्हणायचे. "ह्या ओळीचा अर्थ मले माहीत नाई. पुढं जाऊ." लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मास्तरला माहीत नाही म्हणजे काय?

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सेलूला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. हात सोन्याचा. धर्माच्या बाबतीत मात्र तो आळशी होता. नाताळ, ईस्टर, कुणाचं लग्न, एवढ्यापुरता चर्चला यायचा. तेही मागच्या बाकावर, मोबाईल बघत. कट्टर माणसं शास्त्र फार वाचतात म्हणून तशी होतात, असं शिकलेले लोक मला सांगतात. माझ्या भावानं पस्तिशीपर्यंत शास्त्र धड उघडलं नव्हतं.

त्याची मोठी मुलगी सात वर्षांची असताना गेली. मेंदूज्वर. चार दिवस ताप, मग झटके, मग काहीच नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. हे मी नर्स म्हणून सांगते, आत्या म्हणून नाही. मी तिच्या उशाशी होते आणि मला सगळं कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

मातीच्या वेळी माझ्या आताच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लोक पांगायला लागले तेव्हा भावानं त्यांच्या झग्याची बाही धरली.

"साहेब, काऊन?"

एवढंच विचारलं, का म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, "देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं, बाळा."

"त्याच्याजवळ फुलं कमी पडली काय?"

पाळकसाहेबांनी बाही सोडवून घेतली. त्यांना वर्ध्याला एका लग्नाला जायचं होतं, गाडी उभी होती. भाऊ तसाच उभा राहिला, हात पुढे धरलेला. मी त्याच्याजवळ गेले आणि जे बोलले ते इथं लिहून ठेवते, कारण ते मीच बोलले होते, दुसऱ्या कुणी नाही. मी म्हणाले, "असं विचारू नाई रे. पाप लागते."

तो माझ्याकडे वळला आणि त्यानं पुढे धरलेला हात खाली घेतला. पुढे बरेच दिवस तो गप्पच होता. आमच्या मंडळीतून कुणी त्याच्याकडे गेलं नाही असं नाही. गेले. चहा घेतला, प्रार्थना केली, निघाले. मी ड्यूटी सांभाळून रविवारी जायची, भांडी घासून द्यायची, परत यायची. काय बोलायचं हे कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे तिथून लवकर उठायचो.

लवकर उठले नाहीत ते दुसरेच लोक. सेलूच्या बाहेर एका टिनाच्या शेडमध्ये रविवारी प्रार्थना भरते. तिथला पुढारी पूर्वी ट्रक चालवायचा. सगळे त्याला ब्रदर म्हणतात. तो आणि त्याची बायको माझ्या भावाच्या घरी चाळीस दिवस आले. रोज. बाई चुलीजवळ जाऊन स्वयंपाकाला लागायची, वहिनीला आंघोळीला पाठवायची, धाकटीची वेणी घालायची. ब्रदर भावाजवळ जमिनीवर बसून राहायचा. भाऊ बोलला तर ऐकायचा, नाही बोलला तर तसाच बसायचा. त्या माणसाशी माझं आजही जमत नाही, पण हे चाळीस दिवस मी त्याच्या नावावरून खोडणार नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी त्यानं उत्तर दिलं. मुलगी जाण्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. तिथं ती जेवली होती, दोन लाडू जास्तीचे मागून खाल्ले होते. मूर्तीपुढचं अन्न घरात आलं, दार उघडं राहिलं, आणि त्या दारातून मरण आत आलं. घर शुद्ध करा, म्हणजे धाकटी वाचेल.

वहिनीनं मला हे सांगितलं. सात वर्षांच्या लेकराला लाडवानं मारलं! मी त्याच पावली दुकानात गेले आणि ग्राहकांसमोर भांडले. भाऊ शांत होता. तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुह्याजवळ दुसरं कारण आहे काय, ताई?"

माझ्याजवळ नव्हतं. आणि तो पुढे म्हणाला, "कारण असन तं उपाय करता येते."

मोटार जळली तर कुठंतरी कारण असतंच. तार कच्ची, व्होल्टेज कमी, पाणी शिरलेलं. कारण सापडलं की मोटार पुन्हा फिरते. माझा भाऊ आयुष्यभर हेच करत आला होता. त्यानं तेच केलं.

त्यानंतर घर बदललं. टीव्ही गेला. बाबांची पेटी गेली, कारण तिच्यावर आम्ही अभंगाच्या चालीची गीतं म्हणायचो आणि त्या चाली म्हणे परक्या देवाच्या. शेजारणीला नमस्कार करणं बंद, धाकटीचं तिच्या अंगणात खेळणं बंद. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना "सलाम" म्हणतो. आमच्या ख्रिस्ती घरांतली ती रीतही त्याला परकी वाटून चालेना. मग एक दिवस काही माणसं दुकानात आली आणि विचारून गेली, किती जणांना बाटवलं? त्यानं कुणालाच बाटवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ओळखीचे शेतकरीही मोटारी दुसरीकडे नेऊ लागले आणि भावाची खात्री झाली की ब्रदर सांगतो तेच खरं, जग वैरी आहे. बाहेरच्यांनी दार ढकललं की आतला माणूस आणखी एक कडी लावतो. त्या माणसांनी ब्रदरचं काम सोपं करून दिलं, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

आई तेव्हा भावाकडेच राहायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईचे गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. काही वर्षांनी एका जानेवारीत भावाचा फोन आला.

"आई रविवारी बाप्तिस्मा घेऊन राह्यली. नदीवर. तू येजो."

"तिचा झाला आहे ना बाप्तिस्मा!"

"तो खरा नाई. लहानपणचा. पाण्यात बुडून घ्यावं लागते."

"अरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईले थंडीत पाण्यात बुडवता? डोकं ठिकाणावर आहे काय तुह्यं?"

"येजो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी गेले. सेलूच्या वर, हिंगणीच्या बाजूला बोर नदीचं पात्र रुंद होतं तिथं पंचवीस-तीस माणसं जमली होती. ऊन पडलं होतं. आई पांढरं पातळ नेसून लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पाय वाळूत. ब्रदर मांडीएवढ्या पाण्यात उभा. भाऊ पँट दुमडून काठावर. पाच-सहा जण बाप्तिस्म्याला थांबले होते, त्यातला एक कॉलेजचा मुलगा थंडीनं दात वाजवत होता.

मी सरळ पाण्यापर्यंत गेले. "माझ्या आईचा बाप्तिस्मा झालेला आहे," मी म्हणाले. "एकदा झाला की झाला. तुम्ही कोण तो खोटा ठरवणारे?"

ब्रदर चिडला नाही. तो कधी चिडत नाही, हाच माझा त्याच्यावरचा राग आहे. "ताई, बायाईनं सभेत उभं राहून शिकवू नाई."

"ही सभा नाही, नदी आहे."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. भाऊ माझा दंड धरून म्हणाला, "ताई, चूप बस."

"त्या दिवशी मी तुले चूप केलं, त्याचंच हे फळ आहे. आता मी नाई बसत चूप."

तेवढ्यात आई म्हणाली, "तुमी दोघं थांबा जरा. मले ब्रदरले एक विचारायचं आहे."

ब्रदर पाण्यातून बाहेर आला आणि तिच्यापुढे वाळूत उकिडवा बसला. आदरानं. "विचारा, आई."

"माहा बाप्तिस्मा मी दोन महिन्याची होती तवा झाला. तो काऊन चालत नाई?"

"लहान लेकराले विश्वास समजत नाई ना, आई. आपण होऊन घ्यावं लागते. त्याच्याबिगर तारण नाई. शास्त्रात तसंच आहे."

"अन् ह्याईचे बाबा? त्याईचाबी लहानपणीच झालता."

ब्रदरनं वाळूत बोट फिरवलं.

"सांगा ना. ते कुठी आहेत आता?"

त्याच्या बाजूनं एक सांगते, तो खोटं बोलला नाही. आमच्या पाळकसाहेबांनी इथं गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. हा माणूस खाली वाळूकडे बघत म्हणाला, "मी कोणाचं मन दुखवाले नाई आलो, आई. पण शास्त्र म्हणते ते म्हणते."

"म्हणजे नरकात."

आईनंच तो शब्द उच्चारला. पलीकडच्या काठावर एक जण म्हशी धूत होता, त्याचा हाकारण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मंग मी नाई जात पाण्यात," आई म्हणाली. "मी उतरली म्हणजे मी कबूल केलं का माहा नवरा नरकात आहे. जन्मभर त्याच्यासंग बसून प्रार्थना केली मी. मी नाई करत कबूल. तारण नाई भेटलं तं नाई भेटलं. तो जिथी आहे तिथी मी जाईन."

मी आईला जन्मभर ऐकत आले. बाबांच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन, गीताच्या दुसऱ्या ओळीत आवाज मिसळणारी बाई. एवढं लांब ती कधी बोलली नव्हती.

भाऊ तिच्या पायाशी आला. मला वाटलं ओरडेल. पण त्याचा आवाज लेकरासारखा निघाला. "आई, जिद्द नको करू ना. घरात एक जण जरी राह्यलं तरी दार उघडं राहते. मले अजून एक पोरगी आहे."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी त्याच्याशी शास्त्रावरून भांडत होते. अमक्या ओळीचा अर्थ असा, तमक्या ओळीचा तसा. त्याचं शास्त्राशी काही घेणंदेणं नव्हतंच. तो दारात उभा राहून धाकटीला राखत होता. शेडमधले नियम त्याला जाच वाटत नव्हते. प्रत्येक नियम म्हणजे दारात रचलेली एकेक वीट होती.

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ब्रदरकडे बघितलं. "अन् ह्याची मोठी? तिले तं कोणी पाण्यात बुडवलं नव्हतं. ते कुठी आहे?"

"लहान लेकरं देवाजवळ असतात, आई." हे त्यानं पटकन सांगितलं. त्याला ते मनापासून वाटत होतं.

"देवाजवळ. मंग लाडवाचं काय? लाडवाच्या पापानं मेली म्हणता, अन् देवाजवळ आहे म्हणता. काय तं एक सांगा, बाप्पा."

ब्रदर कपड्यांची वाळू झटकत उभा राहिला. त्याच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. तिनंच त्या मुलीच्या धाकट्या बहिणीची चाळीस दिवस वेणी घातली होती. भाऊ उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मंग काऊन मेली?"

"मले माहीत नाई," मी म्हणाले. बाबांचं वाक्य माझ्या तोंडून निघायला इतकी वर्षं लागली. "त्या दिवशी पाप लागते म्हटलं, ते चुकलं माहं. वधस्तंभावर प्रभूनं बापाले हेच विचारलं होतं. काऊन सोडलं म्हणून. मोठ्यानं, सगळ्याईच्या देखत. वरून उत्तर आलं नाई. तरी त्यानं विचारलं. तूबी विचार. मले नाई, ब्रदरले नाई. ज्याले विचारायचं त्याले विचार."

तो माझ्या गळ्यात पडला, रडला, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जो उत्तर देत नाई त्याले कायले विचारू? ब्रदर तं उत्तर देते." मग तो वळून पाण्यात गेला, त्या कुडकुडणाऱ्या मुलाला हात धरून पुढे नेलं आणि ब्रदरची वाट बघत उभा राहिला. काही वेळानं ब्रदरही गेला. बाप्तिस्मे झाले. गीत झालं. आई खुर्चीवरून सगळं बघत बसली, आणि तो मुलगा बाहेर आला तेव्हा तिनं आपली शाल त्याला दिली.

त्याच दिवशी मी तिला ऑटोत घालून सावंगीला आणलं. तिची एक पिशवी, काठी आणि औषधं. "जावाई बोलन काय काही?" तिनं वाटेत विचारलं. माझ्या नवऱ्यानं तिची खाट आधीच खिडकीशी लावून ठेवली होती.

पण माझं भांडण अर्धंच झालं होतं. पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत सूचना वाचून झाल्यावर मी उभी राहिले. "माझ्या भावाला त्या लोकांनी फोडलं, असं तुम्ही सगळे म्हणता," मी म्हणाले. "त्यांनी त्याला चाळीस दिवस दिले. आपण किती दिले? आपण त्याला एक फूल सांगितलं आणि लग्नाला गेलो. आणि मी, सख्खी बहीण, मी त्याला प्रश्न विचारू दिला नाही. आपण टाकलेला माणूस त्यांनी उचलला. आता त्यांना शिव्या देऊन आपण पवित्र होत नाही."

एक पंच उठून म्हणाले, "बाई, घरातलं घरात ठेवा." दुसरे म्हणाले, ही वेळ नव्हे. मी म्हणाले, ती वेळ कधी असते तेवढं सांगा, मी तेव्हा बोलेन. कुणी सांगितलं नाही. दोन घरची माणसं उठून गेली. मी बोलायचं ते पूर्ण बोलूनच बसले.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब हातपंपाजवळ एकटे उभे होते. आता म्हातारे झालेत. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मी घाबरलो होतो. त्यानं बाही धरली आणि माझ्याजवळ काही नव्हतं. पाळकाजवळ काही नाही असं कसं सांगायचं? म्हणून फूल सांगितलं."

हे ऐकून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दोनच शब्द होते. फूल आणि लाडू. इतकी वर्षं मी एकाला आपलं समजत होते आणि दुसऱ्याला वेड. दोन्ही एकाच भीतीतून आले होते. माहीत नाही, हे म्हणायची भीती. मी तर त्याहून सोपा मार्ग काढला होता, प्रश्नच बंद केला होता. माझ्या भावाच्या कट्टरपणाचं मूळ शोधायला मला त्या टिनाच्या शेडपर्यंत जायची गरज नव्हती. त्याचा एक फाटा माझ्या जिभेवर होता.

देवावर माझा विश्वास आहे. आधीपेक्षा जास्त आहे. पण जो देव लाडू मोजतो, त्याच्यावर नाही. आणि जो प्रश्नाला भितो, त्याच्यावरही नाही. हे मी भावाला सांगितलं आहे, ब्रदरला सांगितलं आहे आणि पंचांनाही.

पाळकसाहेब नंतर सेलूला गेले. भाऊ त्यांच्याशी बोलला नाही, मोटार खोलत राहिला. ते स्टुलावर दोन तास बसून परत आले. अजून अधूनमधून जातात. एकदा म्हणे त्यानं त्यांच्याकडे पक्कड मागितली.

भाऊ आजही शेडमध्येच जातो. दर रविवारी दुपारी त्याचा आईला फोन येतो, मग आई फोन माझ्याकडे देते, मग आम्ही भांडतो. मी नरकात जाणार हे त्यानं मला दोनदा सांगितलं आहे. मी सांगितलं, तिथंबी नर्स लागतच असन.

मी दर गुरुवारी माझ्या क्वार्टरमध्ये बैठक सुरू केली आहे. ज्याला जे विचारायचं ते विचारायचं. पहिल्या गुरुवारी तिघी आल्या. एकीचा मुलगा दारूपायी वाया गेला आहे, एकीला मूल नाही, तिसरी नुसती बसून राहिली. आई खिडकीजवळच्या खाटेवरून ऐकते आणि कुणी घाईनं उत्तर द्यायला लागलं की काठी आपटते. आता दहा-बारा जणी येतात, दोन पुरुषही येतात. शेजारची एक हिंदू बाई येते, तिचा नवरा मागच्या वर्षी गेला. तिला कुणी बाटवत नाही. तिलाही विचारायचं असतं.

मागच्या महिन्यात पंच कमिटीचं पत्र आलं. ही बैठक कोणाच्या परवानगीनं चालते, आणि ती त्वरित थांबवावी. मी उलट टपाली लिहून दिलं की परवानगी मी मागितलीच नव्हती, तेव्हा ती काढून घेण्याचा प्रश्न येत नाही. बैठक दर गुरुवारी चार वाजता असते. पंचांनाही यायला हरकत नाही.